फ्रेडरिक तिसरा वाचला असता तर...

‘जर्मन सम्राट फ्रेडरिक तिसरा घशाच्या कर्करोगाने गेला नसता, तर पहिलं महायुद्ध झालं नसतं आणि हिटलरही आला नसता.’ हा दावा सतत फिरत असतो. आधार तीन: तो उदारमतवादी होता, राणी व्हिक्टोरियाचा जावई असल्याने शांततावादी होता, आणि इंग्लिश डॉक्टरने घोळ घातल्यामुळे १८८८ मध्ये ९९ दिवसांतच त्याचं राज्य संपलं.

उदारमतवादापासून सुरुवात करू. सप्टेंबर १८६२ मध्ये लष्करी सुधारणांवरून प्रशिया या सर्वात मोठ्या जर्मन राज्याच्या विधिमंडळाशी भांडण विकोपाला गेलं, तेव्हा फ्रेडरिकचे वडील राजा विल्हेल्म यांनी पदत्यागाचा मसुदा लिहून ठेवला होता. युवराज फ्रेडरिक तिशीचा, ठणठणीत. गादी स्वीकारा, असं बायकोही सांगत होती. त्याने नकार दिला. विधिमंडळापुढे हरून राजाने पायउतार व्हावं हेच त्याला पटेना. मग राजाने सरकार चालवायला बिस्मार्कला बोलावलं. ज्या संधीसाठी आपण हळहळतो ती त्याच्याकडे चालत आली होती, आणि तेव्हा कर्करोगाचा मागमूसही नव्हता!

पुढच्या वर्षी डान्झिगमध्ये त्याने वृत्तपत्रांवरच्या निर्बंधांशी आपला संबंध नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. वडील भडकले. त्यानंतर त्याची नाराजी खासगीतच राहिली.

सम्राट झाला तेव्हा श्वासनलिकेत नळी होती; बोलणं चिठ्ठ्या लिहून. गृहमंत्री पुटकामरला त्याने घालवलं, हे श्रेय त्याचंच. पण समाजवाद्यांविरुद्धच्या कायद्याला मुदतवाढ देण्यावर सहीही त्याचीच. मरणाच्या दारातल्या माणसाला यासाठी फार दोष देऊ नये, मान्य. मग त्याच ९९ दिवसांतून सुवर्णयुगही काढू नये.

शांततेचं म्हणाल, तर हा १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध क्योनिगग्रेट्झला आणि १८७० मध्ये फ्रान्समध्ये सैन्य घेऊन लढलेला सेनापती. एकत्रित जर्मन साम्राज्याच्या कल्पनेचं वेड वडिलांपेक्षा त्यालाच जास्त. कुरकुरणाऱ्या दक्षिण जर्मनीतल्या राज्यांवर दबाव आणावा, असं तो बिस्मार्कला सांगत होता. आल्सास-लोरेन हा फ्रान्सचा प्रदेश घेतल्याने फ्रान्सशी पडलेली गाठ तो कशी सोडवणार होता? बाल्कनमधली ऑस्ट्रिया-रशियाची चढाओढ तर त्याच्या हाताबाहेरचीच. उलट मुलीचं लग्न बल्गेरियाच्या माजी शासकाशी, रशियाच्या झारच्या डोळ्यांत सलणाऱ्या अलेक्झांडर बाटेनबर्गशी व्हावं, असा त्याच्या घरातूनच आग्रह होता. रशिया दुखावेल म्हणून बिस्मार्कने राजीनाम्याची धमकी देऊन ते अडवलं. या प्रकरणात शांततेची काळजी कुणाला जास्त होती, बघा.

डॉक्टरचा मुद्दा थोडक्यात. मॉरेल मॅकेन्झीने १८८७ मध्ये शस्त्रक्रियेला विरोध केला, हे खरं. पण त्याने पाठवलेल्या नमुन्यांत बर्लिनच्याच रुडॉल्फ फिरखो या रोगनिदानतज्ज्ञाला कर्करोग दिसला नव्हता, आणि त्या काळात स्वरयंत्राची शस्त्रक्रिया स्वतःच जीवघेणी होती.

एका बाबतीत मात्र मी दावेकऱ्यांच्या बाजूने आहे. ज्यूद्वेषाची लाट आली तेव्हा फ्रेडरिकने तिला जाहीरपणे लाजिरवाणं म्हटलं, आणि गादीवर आल्यावर जन्माने ज्यू असलेल्या एडुआर्ड फॉन सिमसनला ब्लॅक ईगल हा प्रशियाचा सर्वोच्च सन्मान दिला. एवढा ठामपणा त्याने बिस्मार्कसमोर दाखवला असता, तर हा दावा खोडणं मला जड गेलं असतं.