ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबून टॉर्क कन्व्हर्टर ‘उघडत’ नाही, भाजून निघतो

‘ऑटोमॅटिक गाडीचं गुपित, जे शोरूमवाले सांगत नाहीत’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. सार असं: कंपनी मुद्दाम ‘मऊ’ टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा डबा) बसवते. ३,००० आरपीएमचा हाय-स्टॉल कन्व्हर्टर, म्हणजे चाकं अडलेली असताना इंजिनाला ३,००० पर्यंत चढू देणारा, टाकला की पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढतात. तेवढा खर्च नको असेल तर रोज सकाळी डी मध्ये ब्रेक दाबून अर्धा मिनिट पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या, कन्व्हर्टर ‘उघडतो’. घाट उतरताना न्यूट्रल टाका. आणि गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं, त्याला हात लावू नका.

मी नेहमीसारखा डिलीट करून मोकळा झालो असतो. पण इंदिरानगरच्या आमच्या दाजींनी पार्किंगमध्ये हा सकाळचा व्यायाम सुरू केला. वर मलाच विचारतात, “आवाज मोकळा झाल्यासारखा वाटतो ना?” अहो दाजी, तुमची वॅगनआर ए.एम.टी. आहे! तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नावाची वस्तूच नाही. साधा क्लच आहे, फक्त तुमच्या पायाऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाचं यंत्र तो दाबतं. मग उघडणार काय? मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्या ऑटोमॅटिक एकाच पोत्यात भरल्यात, इथेच त्याची अक्कल कळते.

बरं, ज्यांच्या गाडीत खरोखर कन्व्हर्टर आहे त्यांचं काय? तिथे तर हा प्रकार आणखी वाईट. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल फेकतो, त्या तेलाने गिअरबॉक्सकडचा टर्बाइन फिरतो, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला दिशा देऊन निघताना टॉर्क दुपटीच्या आसपास नेतो. आता ब्रेकने चाकं अडवली म्हणजे टर्बाइनही अडला. इंजिन जी ताकद ओततंय तिला जायला वाटच नाही, ती सगळी तेलात उष्णता होऊन उतरते. हिशोब करा: २०० न्यूटन-मीटर टॉर्क, २,००० आरपीएम, म्हणजे साधारण ४२ किलोवॉट. घरातले दोन किलोवॉटचे एकवीस गीझर एका डब्यात चालू केल्यासारखं. अर्धा मिनिट हे चाललं आणि गिअरबॉक्समध्ये सात लिटर तेल धरलं, तर सरासरी शंभर अंशांच्या घरात वाढ. थोडी उष्णता लोखंड खातं, कबूल. पण ती पसरायला वेळ लागतो आणि कन्व्हर्टरच्या आतलं तेल सरासरीच्या कितीतरी पुढे जातं. त्यात सील कडक होतात, तेल करपतं.

गॅरेजमध्ये हीच गोष्ट तपासणी म्हणून करतात, तिला स्टॉल टेस्ट म्हणतात. टोयोटाच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये तिच्यासाठी स्पष्ट ताकीद आहे: सलग ५ सेकंदांपेक्षा जास्त करू नका. गाडी बनवणारी कंपनी, चाकांना अडण लावून, प्रशिक्षित मेकॅनिकला पाच सेकंद देते. मेसेजवाला तुम्हाला तीस सेकंद देतो, तेही रोज, आणि समोर सोसायटीची भिंत!

हाय-स्टॉलबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ड्रॅग रेसवाले तो बसवतात, कारण त्यांच्या कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदललेल्या इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला असते. इनोव्हा क्रिस्टाचं २.४ डिझेल ऑटोमॅटिक घ्या: ३६० न्यूटन-मीटर टॉर्क १,२०० ते २,६०० मध्येच मिळतो. तिथे ३,००० चा स्टॉल म्हणजे जोर आहे तो अख्खा पट्टा घसरण्यात घालवणं. नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी रांगत जाताना इंजिन ओरडेल, गाडी सरकेल, तेल तापेल. मायलेज कुठून वाढणार? रस्त्यावरच्या गाडीचं काही जुळवायचंच असेल तर ते लॉक-अप क्लचचं. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकसारखे फिरतात, घसरण शून्य. तो कधी लागावा हे सॉफ्टवेअर ठरवतं. लवकर लागला तर डिझेल थोडं वाचतं, फार लवकर लागला तर गाडी थरथरते. कंपनीने त्यातला मधला मार्ग काढलेला असतो. त्याला ‘मऊ’ म्हणायचं तर म्हणा.

कसारा घाटात न्यूट्रल? यावर जास्त लिहायची इच्छा नाही. गिअरमध्ये पाय उचललात की इंजेक्शनवाल्या इंजिनाचं इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं, आणि इंजिन ब्रेकिंग जातं ते वेगळंच. मग सगळा भार ब्रेकवर, पुढे ट्रक. त्या वळणांवर ब्रेक तापल्याचा वास ज्याने घेतलाय त्याला समजावावं लागत नाही.

तेलाचं म्हणाल तर काही कंपन्या ‘लाइफटाइम’ लिहितात, हे खरंय. पण गिअरबॉक्स बनवणारी झेड.एफ. स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला असं सांगते. वर्षातून चार वेळा सप्तशृंगी गडावर भरगच्च गाडी नेत असाल तर मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं पान उघडा, तिथे मुदत बहुधा आणखी आखूड असते. तेल काढल्यावर काळपट आणि करपट वासाचं निघालं तर गॅरेजवाल्याकडून ट्रेचं चुंबकही बघून घ्या, त्यावर लोखंडाचा बारीक लगदा असतोच. चकत्या किंवा तुकडे दिसले तर मात्र नुसतं तेल भरून परत येऊ नका.