संस्थापकांचं नाव कसं पुसावं

तुमच्या जिमखान्यात एखादा जुना फिरता करंडक आहे? त्यावर कुणा संस्थापकाचं नाव आहे आणि ते कोण, हे कार्यकारिणीत कुणालाच ठाऊक नाही? घाबरू नका. गेल्या रविवारी आमच्या जिमखान्याच्या बक्षीस समारंभात बसून मी सगळी पद्धत शिकून आलोय.

निवेदकाला कागद स्टेजवर चढताना द्यावा. आमच्या निवेदकानं संस्थापकांचं, म्हणजे आमच्या ड्रॉइंगमास्तरांचं, आडनाव दोनदा वाचलं, दोन्ही वेळा वेगळं.

फोटोला हार हवा. फोटो कुणाचाही चालतो.

मग ठेवीचा विषय काढा, हुकमी आहे. घरच्यांनी एके काळी पाच हजार ठेवले होते, त्याचं आज व्याज येतं साडेतीनशे. करंडकाचं पॉलिशच सहाशे. म्हणजे प्रायोजक आलाच.

कुणी कुरकुरलं तर म्हणा, “आजच्या मुलांना हे नाव कुठं कळतं?” मुंबईची शाळकरी पोरं अजून हॅरिस शील्डचं क्रिकेट खेळतात. 1988 साली तेंडुलकर-कांबळींनी 664 धावांची भागीदारी केली ती त्यातच. हॅरिस म्हणजे 1890 ते 1895 या काळातले मुंबईचे गव्हर्नर. लाटसाहेबांचं नाव जिभेला अडत नाही, आमच्या ड्रॉइंगमास्तरांचं तेवढं अडतं! पुण्यात 1963 पासून कॉलेजची पोरं एकांकिकांच्या ‘पुरुषोत्तम’ करंडकासाठी घसा फोडतात. त्यातले पुरुषोत्तम म्हणजे महाराष्ट्रीय कलोपासकचे अप्पासाहेब वझे, हे त्यांतल्या कितींना माहीत असेल? कलोपासकनं म्हणून नाव बदललं नाही.

फारच ओरड झाली तर पतौडींचा दाखला द्या. 2025 मध्ये भारत-इंग्लंडच्या इंग्लंडमधल्या कसोटी मालिकेत पतौडी करंडकाच्या जागी अँडरसन-तेंडुलकर करंडक आणला, टीका झाल्यावर विजेत्या कप्तानासाठी पतौडी पदक काढलं. तुम्हीही मास्तरांच्या नावानं एक उत्तेजनार्थ काढा.

आता मुख्य कृती: स्टिकर. आमच्या करंडकाच्या पितळी पट्टीवर मास्तरांचं नाव कोरलेलं आहे. त्यावर बिल्डरचा चकचकीत स्टिकर चिकटवला होता. तोही धड नाही, मध्ये हवेचे फुगे. मी बोटानं दाबून पाहिले. आणि मास्तरांची मुलगी, ऐंशी ओलांडलेल्या बाई, दरवर्षी रिक्षानं येऊन हा करंडक देतात, त्या तिसऱ्या रांगेत. पुढे प्रायोजकांचे भाचे. ग्रुप फोटोच्या वेळी एकजण म्हणाला, “आजी, जरा बाजूला.” बाई मला एवढंच म्हणाल्या, “मी नको होते तर फोन करायचा, रिक्षाचं भाडं वाचलं असतं.”

काय उत्तर देणार होतो मी?

अरे, नाव बदलायचं तर बदला. सर्वसाधारण सभेत ठराव मांडा, घरच्यांना आधी जाऊन सांगा, पटलं तर मीही हात वर करीन. सगळीच नावं जन्मभर वागवावीत असं माझंही म्हणणं नाही. पण ज्या माणसानं जिमखान्याचा पहिला कॅरम बोर्ड घरून सायकलच्या कॅरियरला बांधून आणला, त्याच्यावर स्टिकर लावता? विचारलं तर म्हणे माहीत नव्हतं! इतिवृत्ताची वही कपाटाच्या मधल्या खणात आहे, चावी सेक्रेटरींकडे. पहिल्याच पानावर आहे सगळं. दहा मिनिटं बसून वाचायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? बोरिक पावडर संपली की बरोबर उघडता ते कपाट.

स्टिकर मी त्याच रात्री नखानं अर्धा काढलाय. उरलेला तुम्ही काढा. घासलेटचा बोळा लावा, आणि पितळेवर ओरखडा आणू नका.