कोपऱ्याच्या प्लास्टिक पट्टीवरचे आरोप आणि त्यांची उत्तरं

कापसाचे पैसे हातात आले की खान्देशात घरांची राहिलेली कामं निघतात. कुणाचं प्लास्टर, कुणाची पुट्टी, कुणाचा रंग. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरायला लागतो आणि कामावर आलो की घरमालक तो मला दाखवतात. त्यात म्हटलंय की भिंतीच्या कोपऱ्याला प्लास्टिकची पट्टी कधीच लावू नका. आपल्याकडच्या उन्हात ती वितळते, वाकडी होते. तिच्यामागे ओल धरते, वाळवी लागते. वर्षभरात पिवळी पडून गळून पडते. आग लागली तर घरभर विषारी धूर होतो. आणि मुळात मिस्त्री चांगला असेल तर पट्टीची गरजच नाही; लावायचीच असेल तर पत्र्याची लावा. सोबत एका तडकलेल्या कोपऱ्याचा फोटो आहे.

जळगाव-भुसावळ भागात घरांच्या आतल्या फिनिशिंगची कामं मी करून घेतो, आणि या संदेशामुळे लोक चुकीचे निर्णय घेताना पाहतो. त्यात थोडं खरं आहे, पण बरंचसं खोटं आहे. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

आधी एक घोळ मिटवू. दुकानात ‘कॉर्नर पट्टी’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक पट्टी पातळ, भोकाभोकांची. ती प्लास्टर किंवा पुट्टीच्या आत बसते, काम झाल्यावर तिची फक्त धार जाणवते किंवा तीही दिसत नाही. दुसरी जाड, गुळगुळीत, काटकोनी. ती रंग झाल्यावर वरून चिकटवतात आणि ती कायम दिसत राहते. पहिली कोपरा सरळ यावा आणि त्याची धार मजबूत व्हावी म्हणून, दुसरी तयार कोपऱ्याला मार लागू नये म्हणून. संदेशात दोन्हींचे दोष एकत्र करून एकीच्याच माथी मारलेत.

आता उन्हाचं. भुसावळला उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण या पट्ट्या ज्या कडक पीव्हीसीच्या असतात ते मऊ पडायला लागतं साधारण 75 ते 80 अंशांच्या आसपास. मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात टेकवून पाहा. भिंत तापलेली असते, पण हात टेकवता येतो. 75 अंशांच्या भिंतीवर कुणी हात ठेवू शकणार नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत पीव्हीसीचे पाइप वर्षानुवर्षं उघड्या उन्हात पडलेले असतात. ते पांढुरके होतात, ठिसूळ होतात, पण वितळून मातीला मिळालेला पाइप कुणी पाहिलाय? घराच्या आत तर ऊनही थेट नाही.

मग वाकडी झालेली पट्टी लोकांनी पाहिली ती खोटी का? नाही, ती खरी आहे, फक्त कारण वेगळं आहे. पीव्हीसी उष्णतेने भिंतीपेक्षा कितीतरी जास्त वाढतं. दहा फुटांची, म्हणजे साधारण 3 मीटरची पट्टी घ्या. जानेवारीतली थंड सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत भिंतीच्या तापमानात 30 अंशांचा फरक धरला, तर ती पट्टी सुमारे 6 मिलिमीटर लांब होते. तेवढ्याच फरकात भिंत जेमतेम 1 मिलिमीटर वाढते. आता थंडीत कारागिराने ती खाली स्कर्टिंग आणि वर स्लॅब यांच्यामध्ये अगदी घट्ट ठोकून बसवली असेल, तर उन्हाळ्यात तिला वाढायला जागाच नसते. ती मधून पोट काढते, चिकटवण सुटतं, आणि घरमालक म्हणतो, ‘उन्हात वितळली.’

उपाय सोपा आहे. थंडीत काम करताना पूर्ण उंचीची पट्टी बसवायची असेल तर वरच्या टोकाला 5-6 मिलिमीटर मोकळं सोडायचं. मे महिन्यात लावत असाल तर थोडीशी फट पुरे, कारण पट्टी तेव्हा आधीच वाढलेली असते. वरून चिकटवायची पट्टी छतापर्यंत नेण्याचा आग्रहही सोडावा. मार बसतो तो छातीच्या उंचीखाली, त्यामुळे घरात चार-पाच फुटांची पट्टी पुरते, आणि आखूड पट्टी वाढतेही कमी. भोकांची पट्टी मात्र पूर्ण उंचीची लावा. तिच्या भोकांतून मसाला, म्हणजे प्लास्टर किंवा पुट्टी, आरपार जातो, ती जागोजागी धरलेली असते, म्हणून तिला पोट येत नाही. आणखी एक: पट्ट्यांचा गठ्ठा गच्चीवर भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. बसवण्याआधीच त्या कमानीसारख्या होतात. घरात, सपाट फरशीवर आडव्या ठेवायच्या.

गळून पडणाऱ्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तक्रारी सगळ्यात जास्त इथेच आहेत. गळून पडलेली पट्टी फेकून देण्याआधी उलटी करून पाहा. पाठीला रंगाचा किंवा पुट्टीचा पापुद्रा चिकटून आला असेल, तर गोंदाने आपलं काम चोख केलंय, सोडलंय ते भिंतीने. बऱ्याचदा हेच दिसतं. आपल्याकडे अनेक जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थरच नसतो. जमिनीतलं क्षारांचं पाणी विटांतून वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार रंगाखाली साठतात आणि रंगाला आतून ढकलतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. अशा भिंतीवर पट्टीच काय, काहीही चिकटवलं तरी ते रंगासकट येणारच. चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीचंही तेच. हात फिरवला की भुकटी बोटांना लागते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप त्या भुकटीला धरते, भिंतीला नाही.

म्हणून आधी भिंत तपासा. कोपऱ्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. रंग सोबत आला तर तिथे खरवडून, प्रायमर मारून मगच पुढे जा. आणि ओलीसाठी फूटभर पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं किंवा भिंत काळपट झाली असेल तर ओल आहे, आणि तिच्यावर पट्टी लावू नये. संदेशातला ओलीचा मुद्दा एवढ्यापुरता बरोबर आहे: ओल्या भिंतीवर प्लास्टिक लावलं तर तिथून वाफ निघायला वाट राहत नाही, आणि पट्टीच्या शेजारचा रंग फुगतो. पण ओल पट्टीने आणलेली नसते, ती खालून किंवा शेजारच्या मोरीतून येते. कोरड्या भिंतीवर पट्टीमागे पाणी येईल कुठून? नव्या प्लास्टरलाही घाई नको. पाणी मारणं संपल्यावर निदान महिनाभर ते वाळू द्या.

गोंदाबद्दलही सांगतो. सिलिकॉन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही, कारण ते सुकताना आम्ल सोडतं आणि सिमेंट अल्कधर्मी असतं. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ मागा.

वाळवीचं उत्तर छोटं आहे. वाळवी जगते ती लाकूड, कागद, काडीकचरा यांवर. पीव्हीसी तिचं अन्न नाही. कोपऱ्याला लाकडी बीडिंग लावलं असतं तर काळजी खरी होती. भिंतीत आधीच वाळवी असेल तर ती पट्टीआडूनही वाट काढेल, पण ती पट्टी नसतानाही काढतेच, आणि तिचा बंदोबस्त जमिनीपासून करावा लागतो.

पिवळेपणाची तक्रार रास्त आहे, पण ती हलक्या मालाची तक्रार आहे. पांढऱ्या पीव्हीसीत रंग टिकवणारी आणि ऊन सोसणारी द्रव्यं घालावी लागतात, ती महाग असतात. भंगारातून पुन्हा वितळवलेल्या मालात ती पुरेशी नसतात, आणि वर खडूची पूड भरपूर मिसळलेली असते. घेताना एक तुकडा हातात वाकवून पाहा. कटकन मोडला तर ठेवून द्या. वाकून परत सरळ व्हायला धडपडला तर माल बरा. शिशाबद्दलही विचारा. 2021 मध्ये केंद्र सरकारने पीव्हीसीच्या पाइपांतून शिशाची स्थिरकं, म्हणजे प्लास्टिक टिकावं म्हणून त्यात घालतात ती शिशाची द्रव्यं, काढून टाकण्याचे नियम आणले. ते नियम पाइप आणि त्यांच्या जोडांसाठी आहेत, पट्ट्यांसाठी नाहीत. म्हणून शिसं नसल्याचं पाकिटावर छापलेला माल घ्यावा, आणि पट्टी कापताना घरातल्या लहान मुलांना त्या भुकटीपासून लांब ठेवावं. पीव्हीसीच्या पाइपांसाठी जळगावचं नाव देशभर आहे. इथल्या माणसाने चांगलं आणि वाईट प्लास्टिक ओळखूनच माल उचलावा असं मला मनापासून वाटतं.

आगीबद्दल: शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, त्यामुळे ते सहजी पेट घेत नाही आणि ज्योत काढली की बहुधा विझतं. जळलं तर मात्र त्याचा धूर घसा आणि डोळे जाळणारा असतो, हे खरं आहे. पण घराला आग लागते तेव्हा गाद्या, पडदे, सोफ्याचा फोम यांच्यापुढे दोन-चार पट्ट्यांचं वजन किती? गॅसच्या शेगडीलगतच्या कोपऱ्याला आणि देवघरात समईच्या अगदी जवळ प्लास्टिक लावू नका, एवढं पाळा.

आता मला सगळ्यात खटकलेला मुद्दा: ‘मिस्त्री चांगला असेल तर पट्टी लागत नाही.’ आमच्याकडचे गवंडी हाताने असा कोपरा काढतात की ओळंबा लावून पाहिलं तरी खोट सापडत नाही. तरीही तो कोपरा तुटतो, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. सपाट भिंतीवर मार बसला तर तो चहूबाजूंनी वाटला जातो. धारेवर बसला तर सगळा जोर नखाएवढ्या जागेवर येतो आणि मागे आधार निम्माच असतो. त्यातून हल्ली वरचा थर असतो पुट्टीचा किंवा जिप्समचा, सिमेंटच्या प्लास्टरपेक्षा मऊ. आणि आपल्या घरांतली वर्दळ पाहा. उन्हाळा आला की माळ्यावरून कूलर उतरतो, दारातून ओढत हॉलमध्ये येतो, पावसाळ्यात परत जातो. गॅसचा सिलिंडर, लोखंडी कॉट, गव्हाच्या कोठ्या, पोर्चमधून आत घेतलेल्या मोटारसायकलचं हँडल. खेड्यांत भाव वाढेपर्यंत कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवतात, आणि व्यापारी आला की काटा आणि माणसं त्याच दारातून आत-बाहेर करतात. एवढं सोसायची ताकद मसाल्याच्या धारेत नसते, ती कुणीही काढलेली असो.

‘जुन्या घरांत कुठे पट्ट्या होत्या?’ असंही त्यात विचारलंय. नव्हत्या, कारण तिथे धारच नव्हती. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींचे कोपरे लिंपताना हाताने गोल केलेले असत. वस्तू घासून निघून जाई. आजही कुणाला पट्टी नकोच असेल तर गवंड्याला कोपरा चांगला अंगठ्याएवढा गोल करायला सांगावं. तो टिकतो, आणि मला दिसायलाही आवडतो. पण काटकोनी धारदार कोपराही हवा आणि पट्टीही नको, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

पत्र्याच्या पट्टीला माझा विरोध नाही. कोरड्या खोलीत, सिमेंटच्या प्लास्टरमध्ये जस्ताच्या मुलाम्याची पट्टी चांगलं काम देते आणि मार जास्त सोसते. अडचण कापलेल्या टोकांची आहे. तिथला मुलामा जातो, आणि मोरीजवळ किंवा कूलरच्या ओलसर हवेत गंजाचा तपकिरी डाग पांढऱ्या पुट्टीतून वर येतो. तो डाग रंगाने झाकला तरी पुन्हा उमटतो. शिवाय पत्रा एकदा चेपला की चेपलेलाच राहतो; प्लास्टिक हलका मार लवून सोसतं. ॲल्युमिनियम घ्यायचं असेल तर ते सुकलेल्या भिंतीवर वरूनच लावा, ओल्या सिमेंटमध्ये ते खराब होतं. गोदाम, दवाखाना, दुकान अशा ठिकाणी मी स्वतः धातूच सुचवतो. घरात प्लास्टिक पुरतं.

राहिला तो फोटो. तो मोठा करून पाहिला तर तडा आतल्या कोपऱ्यात आहे, जिथे दोन भिंती आत मिळतात. तिथे मार बसत नाही आणि तिथे कुणी ही पट्टी लावूही नये. तसे तडे बहुतेक वेळा आरसीसीचा कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यात जातात, कारण दोघांची हालचाल वेगळी असते. प्लास्टरच्या आधी सांध्यावर कोंबडीजाळी ठोकणं हा त्यावरचा इलाज, आणि नंतर लक्षात आलं तर तडा खोल खरवडून, भरून, वर फायबरची जाळी आणि मग पुट्टी. तापी-गिरणा काठच्या काळ्या जमिनीवर आणखी एक कारण असतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. तडा खुणेच्या पुढे गेला, किंवा त्यात नाणं शिरेल एवढा रुंद झाला, तर पट्टीवाल्याला किंवा रंगाऱ्याला बोलावू नका, इंजिनिअरला पाया दाखवा.