हलू नका!

सकाळी साडेआठला सोसायटीच्या बागेत, टणटणीच्या झुडपापुढे मी पालथा पडलो होतो. कोपराखाली खडा, गुडघ्याखाली चिखल, मानेवर मुंगी आणि श्वास रोखलेला. वॉचमन आला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहब, चाबी गिरी क्या?"

आवाज हळू होता, हे मान्य. पण त्याची सावली टणटणीवर पडली आणि सहा दिवस मी ज्याच्या मागावर होतो ते हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू उठलं ते थेट सी विंगच्या चौथ्या मजल्यावर. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळं आणि कडेला लाल ठिपके, म्हणून हळदीकुंकू. माझ्या वाट्याला मात्र वाणाचं ताटसुद्धा नाही.

हे सगळं त्या मॅक्रो लेन्समुळे, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढायच्या भिंगामुळे. मुलाने साठीची भेट म्हणून दिली. "बाबा, घरबसल्या छंद!" घरबसल्या? हा छंद ओणवं होऊन, मग उकिडवं बसून, मग रांगत आणि शेवटी आडवं पडून करायचा असतो. गुडघ्याच्या डॉक्टरांनी मांडी घालायला बंदी केल्यापासून मी पूजेलाही खुर्चीवर बसतो. "आणि एका किड्यापुढे रोज साष्टांग नमस्कार," असं हिचं म्हणणं. (किडा हा शब्द ती मुद्दाम वापरते.)

इतक्या जवळून फोटो काढताना जो भाग स्पष्ट येतो, त्याची जाडी असते जेमतेम एक-दोन मिलिमीटर. म्हणजे डोळा नीट आला तर पंखांचं पिठलं, पंख नीट आले तर डोळ्याचं पिठलं. दोन्ही साधायचं तर कॅमेरा मिटलेल्या पंखांना बरोब्बर समांतर धरायचा. मी समांतर होईपर्यंत ते काटकोनात वळतं. त्यात वारा. एरवी आपण ठाण्यात पान हलत नाही म्हणून कुरकुरतो ना? लेन्समधून बघा. ठाण्यात बारा महिने वादळ असतं.

घोडबंदर रोडला ओवळेकरवाडीत खास फुलपाखरांची बाग आहे. तिथे भेटलेल्या एका जाणकाराने सांगितलं, सकाळीच गाठायचं. अंग उन्हाने तापल्याशिवाय फुलपाखराला धड उडता येत नाही, ते पंख पसरून ऊन खात बसतं. उत्तम. आमच्या बागेत ऊन येतं साडेआठला आणि माळी पाण्याचा पाइप घेऊन येतो आठ पंचवीसला.

नीलवंताबद्दल तर बोलायलाच नको. २०१५ साली त्याला महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू केलं आणि मला वाटतं, ते त्याच्या डोक्यात गेलं. अर्ध्या वितेहून मोठा पसारा, काळ्या मखमलीवर निळी झाक. मुसांड्याच्या फुलांवर येतो, पण पंख म्हणून मिटत नाही. मध पितानाही फडफड चालूच. उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यासारखा उभ्याउभ्या एक घोट घेतो आणि पुढच्या कार्यक्रमाला रवाना. माझ्याकडे नीलवंताचे एकशे चौदा फोटो आहेत. सगळ्यांत मुसांडा अप्रतिम आलाय.

शेवटी म्हटलं, उडणारं नकोच. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या होत्या. लिंबाच्या झाडावर वाढतात त्याच. ही अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. तपकिरी, मध्ये पांढरट पट्टा, वरून ओली चकाकी. खाणाऱ्याने फसून सोडून द्यावं म्हणून ही युक्ती. पक्षी फसतात. हीसुद्धा फसली आणि ओल्या फडक्याने तिने ती 'शीट' पुसून टाकली. दुसरी वाचली, वाढली, हिरवीगार झाली. फोटोसाठी मान जरा वर करावी म्हणून मी तिला काडीने डिवचलं. तिने डोक्यामागून केशरी रंगाचं, दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढलं आणि असा काही उग्र दर्प सोडला की माझा हात हलला. फोटोत फक्त कुंडी आली. तेव्हापासून ते झाड अळ्यांच्या नावावर आहे आणि घरी झाड असून आमचा कढीपत्ता भाजीवाल्याकडून येतो.

गेल्या रविवारी मी घामाघूम होऊन एक्झोराच्या झुडपापुढे पसरलो होतो. तेवढ्यात नखाएवढं करडं फुलपाखरू आलं आणि सरळ माझ्या शटरच्या बोटावर बसलं. गुंडाळलेली सोंड उलगडली आणि घाम प्यायला लागलं. त्यातलं मीठ हवं असतं त्यांना. मागच्या पंखांच्या टोकाला काळे ठिपके, केसासारख्या बारीक शेपट्या. ते मागचे पंख एकमेकांवर हळूहळू घासत होतं, त्यामुळे ठिपके डोळ्यांसारखे आणि शेपट्या मिशांसारख्या हलत होत्या. हे खोटं डोकं. चोच मारणाऱ्याने तिकडे मारावी आणि खरं डोकं वाचावं. इतकं सगळं मी नुसत्या डोळ्यांनी बघत होतो. फुलपाखरू स्थिर, ऊन उत्तम, वारा नाही, कॅमेरा हातात आणि तोच हात फुलपाखराच्या खाली!

"अहो, हलू नका!" मागून हिचा आवाज. ती कढीपत्ता आणायला निघाली होती. पिशवीतून मोबाइल काढला, काचही पुसली नाही, खट्कन एक फोटो काढला आणि भाजीवाल्याकडे गेली.

फोटो सुरेख आलाय. सोंडेचं टोक दिसतं, पेरावरचा घामाचा थेंब दिसतो, आणि मागे माझी दाढी न केलेली हनुवटी, दुर्दैवाने तीही स्पष्ट. हिने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. बावीस अंगठे आले. तिघांनी तिला कॅमेरा कुठला ते विचारलं. सेक्रेटरींनी लिहिलं, "सभासदांनी कृपया बागेत झोपू नये. हिरवळ नव्याने लावली आहे."