पाचवीला पुजलेलं

मी कुणालाही डोळा मारलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. गेल्या ऑक्टोबरपासून ठाण्याच्या नौपाड्यात माझ्याबद्दल जे बोललं जातं त्याला एक शास्त्रीय बाजू आहे, पण ती ऐकून घ्यायला कुणाला सवड नाही.

सुरुवात दाढेपासून झाली. खालची, डावीकडची, मागून दुसरी. घटस्थापनेला नुसती कुरकुरत होती, अष्टमीला ठणकायला लागली आणि दसऱ्याला थंडगार श्रीखंडाचा पहिला घास लागताच अशी कळ गेली की मी ताटावरून उठलो तो थेट गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मग लवंग झाली, लवंगेचं तेल झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, पेरूची कोवळी पानं चघळून झाली. शेजारच्या काकूंनी तुरटी आणून दिली. दाढ दुखायला लागली की आपल्या बिल्डिंगमध्ये किती वैद्य राहतात ते कळतं. शेवटी मुकाट्याने पाचपाखाडीतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत जाऊन आडवा झालो.

"रूट कॅनाल," त्या म्हणाल्या.

"पण मला कानात दुखतंय." दाढेचं कानावर ढकलून सुटता आलं तर बघावं, एवढाच हेतू.

त्यांनी टेबलावरची प्लास्टरची कवटी उचलली. मेंदूतून थेट बाहेर पडणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. त्यातली पाचवी सगळ्यांत जाड, नाव ट्रायजेमिनल. लॅटिनमध्ये याचा अर्थ तिळं. नावाप्रमाणे तिला तीन शाखा. पहिली कपाळ, डोळा आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत. दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरचे दात. तिसरी खालचे दात, खालचा ओठ, हनुवटी, आणि जाता जाता कानाच्या पुढचा भाग. दाढेची तक्रार आणि कानाची तक्रार एकाच वायरीवरून वर जाते, मग मेंदूचा घोटाळा होतो. चेहऱ्याला लागलेलं, खुपलेलं, भाजलेलं सगळं पाचवीच्या खात्यात. घास चावण्याचे स्नायूही तीच चालवते.

म्हणजे दातदुखी माणसाच्या पाचवीला पुजलेली असते हे अक्षरशः खरं आहे. मी हे बोलून दाखवलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्या सुई भरत होत्या.

"जरा मुंगी चावल्यासारखं होईल."

ही मुंगी कुठल्या जंगलातली असते ते एकदा मला बघायचं आहे. खालच्या जबड्याच्या हाडाला आतल्या बाजूने एक भोक असतं, तिसऱ्या शाखेची फांदी त्यातून हाडात शिरून दातांना जाते. त्या भोकाच्या तोंडाशी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडलं की अर्धा जबडा झोपतो. त्यांनी सोडलं. पाच मिनिटं गेली.

"ओठ जड झाला का?"

"नाही."

"जिभेला मुंग्या?"

"नाही." हे दुसरं 'नाही' मी म्हणालो आणि हातात ट्रे घेऊन उभी असलेली मदतनीस मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. दवाखान्यात असं कुणी बघितलं की माणूस आधी एलआयसी आठवतो.

"जरा हसा बघू."

मी हसलो. समोर धरलेल्या आरशात उजवा गाल वर गेला, डावा जागचा हलला नाही. डोळे मिटा म्हणाल्या, उजवा मिटला. डावा टक्क उघडा, बुबुळ तेवढं वर गेलेलं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकेपर्यंत मी घाबरलो नव्हतो.

पुन्हा कवटी आली. आता सातवी नस. नाव फेशियल. पाचवीला कळतं, सातवी दाखवते. आठ्या पाडणं, नाक मुरडणं, गाल फुगवणं, ओठ काढणं, डोळे मिटणं, अशी आपल्या भाषेतली निम्मी भांडणं सातवीवर चालतात. दात-ओठ खायचे असतील तर मात्र दोघींना एकत्र यावं लागतं, दातांना पाचवी आणि ओठांना सातवी. तर ही सातवी कानाच्या मागच्या अंगाला कवटीतून बाहेर पडते आणि पॅरोटिड नावाच्या लाळग्रंथीत शिरते. गालगुंड होतं ती ग्रंथी. तिथे तिला पाच फांद्या फुटतात आणि त्या चेहराभर पसरतात. गंमत म्हणजे ज्या ग्रंथीतून जाते तिच्यासाठी ती काडीचंही काम करत नाही, ग्रंथीचं बघते नववी. उरणच्या बंदरातून गुजरातला निघालेले कंटेनर आमच्या घोडबंदर रोडवरून जातात, तसंच हे. माल त्यांचा, कोंडी आमची.

ही ग्रंथी जबड्याच्या मागच्या कडेला वळसा घालून बसलेली असते. कुणाची जरा पुढे असते, कुणाची जरा मागे. माझी कुठे होती ते सुईला ठाऊक नव्हतं. झोपवायची होती पाचवी, झोपली सातवी. क्वचित होतं असं, दोन-तीन तासांत औषध उतरलं की आपोआप जातं, त्या म्हणाल्या. आज थांबूया का, असंही विचारलं. पण मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेलो आणि दुसरी रजा मागायला तोंड नव्हतं, या वेळी तर निम्मंच होतं. म्हटलं, उरका. दुसरी सुई नीट जागेवर बसली आणि पाचवीची तिसरी शाखाही झोपली. डाव्या बाजूला आता ना कळत होतं, ना दाखवता येत होतं. कडकडीत बंद.

निघताना त्यांनी डाव्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून कागदी चिकटपट्टी लावली. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, धूळ जाते, म्हणून पट्टी काढू नका आणि सरळ घरी जा, असं बजावलं. बधिरपणा असेपर्यंत गरम काही खाऊ-पिऊ नका, गाल चावला गेला तरी कळणार नाही.

खाली रिक्षा होती.

"राव्ह वारुती रोड," मी म्हणालो.

"किधर?"

प, फ, ब, भ, म. शाळेत बाईंनी 'ओष्ठ्य' म्हणून घोकून घेतलेले पाचही वर्ण त्या दिवशी माझ्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवेसारखे निसटत होते. 'राम मारुती रोड' एवढ्या एका पत्त्यात किती ओष्ठ्य वर्ण असतात याचा विचार तुम्ही कधी केला नसेल. मी पाचपाखाडीच्या नाक्यावर उभा राहून केला. मग सुचलं, घंटाळी! एकही ओठ लागत नाही.

"घंटाळी."

"नजदीक का भाडा नहीं." आणि तो गेला. नस कुठलीही बंद असो, ठाण्याचा रिक्षावाला ठाण्याचाच असतो.

चालत निघालो. ऑक्टोबरचं ऊन, घाम. गोखले रोडला लागेपर्यंत चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि कापसासकट ती माझ्या खिशात गेली. इथून पुढे जे झालं ते नीट समजून घ्या. डोळा उघडते तिसरी नस, ती शाबूत होती. मिटते सातवी, ती डावीकडे बंद. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा तरी पापण्या मिचकावतो. माझा प्रत्येक वेळी फक्त उजवा डोळा मिटत होता. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा, इन केलेला शर्ट, खिशात पेन असा एक गृहस्थ भर गोखले रोडवर मिनिटाला पंधरा-वीस डोळे मारत चालला होता. अवघडून हसावं, तर हसूही एकाच कोपऱ्यातून येत होतं.

मेडिकलच्या दुकानासमोर जुने सहकारी भेटले. मी हात केला. ते जवळ आले, डोक्यावरचे केस बारीक केलेले, हे मला उशिरा दिसलं.

"वडील गेले आमचे. परवा."

मी त्यांचा हात हातात घेतला. खरंच वाईट वाटलं, त्यांच्या वडिलांनी मला एकदा रेल्वेचं रिझर्वेशन मिळवून दिलं होतं. आणि वाईट वाटतंय हे चेहऱ्यावर आणायच्या प्रयत्नात माझ्या तोंडाचा उजवा कोपरा वर गेला आणि डोळा मारला गेला. एकदा नाही, तीनदा. त्यांनी हात सोडवून घेतला. "दाढ," मी म्हणालो. त्यांना ते 'वाढ' ऐकू आलं की काय कोण जाणे.

बिल्डिंगच्या जिन्यात सेक्रेटरी. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चार वर्षं चालू आहे, म्हणजे मीटिंगा चालू आहेत, आणि बिल्डरच्या ताज्या प्रस्तावाला माझा विरोध आहे.

"संध्याकाळी सातला बिल्डर येतोय. तुम्ही विरोधात बोलणार म्हणे?"

मी "बघू" म्हणायला गेलो. ओठ फुर्र झाले, डोळा मिटला, कोपरा वर गेला. सेक्रेटरी दोन पायऱ्या खाली आले. आवाज खाली. "अस्सं! आधी बोलायचं नाही का राव?" आणि माझा खांदा दाबून निघून गेले.

घरी बायकोने दार उघडलं आणि भिंत धरली. "अहो, हे काय! अर्धांग?" तिची काळजी खोटी नव्हती. कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं तर दवाखान्यातच पळवायचं असतं, त्यात भित्रेपणा काही नाही. नशिबाने डॉक्टरीणबाईंचा फोन माझ्याआधी पोहोचला होता आणि बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला असलेली आमची भाची कळव्याहून येऊन बसली होती. दिवाळीच्या फराळावर बसावी तशी.

"मामा, भुवया वर कर! दोन्ही हात वर धर! कपाळावर आठ्या पाड!" हात दोन्ही वर गेले. आठ्या उजवीकडेच पडल्या. ती खूश. "मामी, घाबरू नको. मेंदूत झालं असतं तर आठ्या दोन्हीकडे पडल्या असत्या. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सप्लाय असतो. इथे नसच बंद आहे, म्हणून कपाळासकट अर्धा चेहरा गेलाय. मामा, तू अगदी पुस्तकातला आहेस!"

मग तिने कापसाची बारीक वात करून माझ्या डाव्या बुबुळाला कडेने हलकेच लावली. कळलं. पहिली शाखा जागी होती. पण मिटला उजवा डोळा! स्पर्श पाचवीने वर कळवायचा आणि हुकूम सातवीने दोन्ही डोळ्यांवर बजावायचा, अशी ती व्यवस्था. डावीकडचा शिपाई झोपलेला, म्हणून हुकूम उजवीकडेच पोहोचला. तिने हे आणखी दोनदा केलं. तिसऱ्यांदा मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावून.

चहा कोमट करून मिळाला. कप ओठाला लागला की नाही हे शर्टाला आधी कळलं. ओठ अनारशाएवढा फुगलाय असं वाटत होतं, आरशात मात्र होता तेवढाच. ग्लुकोजचं बिस्किट तोंडात शिरता शिरता मांडीवर पडलं आणि मी ते बशीत ठेवून, वाकून, जिभेने ओढून घ्यायला लागलो.

भाची टाळ्या पिटायला लागली. "बेलचं गाढव!"

हा चार्ल्स बेल स्कॉटिश सर्जन. १८२१ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांवर निबंध मांडला, त्यासाठी गाढवाच्या नसा कापून पाहिल्या होत्या. वरच्या ओठाकडे जाणारी पाचवीची फांदी कापली, तर गाढवाला ओठांनी दाणे उचलता येईनात, ते जमिनीला तोंड लावून जिभेने चाटायला लागलं. बेलने ठरवलं की ओठांची हालचालच गेली. पुढच्याच वर्षी हर्बर्ट मेयो नावाच्या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञाने चूक दाखवली. ओठ हलत होते, पण त्यांना दाणा लागल्याचं कळतच नव्हतं. कळत नसेल तर उचलणार काय? इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाला जे नीट उमगलं नाही ते त्या गाढवाला आणि मला पक्कं ठाऊक होतं. चेहऱ्याच्या एका बाजूच्या लुळेपणाला आजही बेलचं नाव आहे. गाढवाचं कुठेच नाही.

दुपारी तीनच्या सुमारास हनुवटीला मुंग्या आल्या. पापणी आधी थरथरली, मग अर्धी खाली आली, मग मिटली. बायकोने तपासणी म्हणून रूट कॅनालची पावती माझ्यापुढे धरली. आठ्या दोन्ही बाजूंनी पडल्या, आरपार. संध्याकाळी दाढेची जागा ठणकत होती, मीटिंगला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तलावपाळीला फिरायला गेलो तर सेक्रेटरी वाटच बघत होते. हसले. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली लिहून ठेवलंय की खरं हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूवरून ओळखावं, ओठ कुणीही हलवतो. सेक्रेटरींचे ओठच हलले होते. म्हणाले, "चला, मामलेदारची मिसळ खाऊ. कालचा ठराव झाला. तुम्ही आलाच नाहीत, तिथेच समजलो."

मला समोरासमोर सांगायचं होतं. पण उजव्या बाजूने का होईना, आधी दोन घास खाऊन घ्यावेत म्हटलं. तर्री तिखट सांगितली, हा माझा गाढवपणा. चव जिभेच्या पुढच्या भागावरून सातवीची फांदी घेऊन जाते, पण झणका हा स्पर्शाचा, जळजळीचा मामला, तो पाचवीचा. रात्रभर विश्रांती घेतलेली पाचवी एकदम किंचाळली. नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून धारा, आणि सातवीने इमानेइतबारे दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

"ठराव मान्य आहे ना, पण?" सेक्रेटरींचा आवाज आला.

मी डोळे उघडू शकलो नाही.

"दोन्ही डोळ्यांनी!" ते म्हणाले, आणि त्यांनी एक पाव जास्तीचा मागवला.