वळचणीखालचं अंगण खचलं, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की मुरूम आवळून धरायला इसबगोलाची पूड कालवून केलेलं ग्रॅनाइटच्या मुरमाचं अंगण पहिल्याच पावसात चिखल झालं, चपलेला बुळबुळीत गोळे चिकटतात, वळचणीखाली खड्डे पडलेत, इथलाच मुरूम सोडून देगलूरहून महागाचा आणला, आणि "पोटाचं औषध जमिनीत कालवून आम्हाला फसवलं". परवा मी स्वतः येऊन बघून गेलो. जे दिसलं ते इथेच लिहितो, म्हणजे पुढे कुणी असं काम करून घेणार असेल तर त्यालाही कळेल.

चूक आमची आहे.

पायरीपासून तुळशीवृंदावनापर्यंतचा पट्टा घट्ट आहे, तिथे खिळा टोचला तरी आत जात नाही. गोठ्याच्या बाजूला मात्र उलथन्यानं खरवडलं तर मुरमातून साबुदाण्याएवढ्या पांढरट गुठळ्या निघाल्या. त्या इसबगोलाच्या. ही पूड कोरड्या मुरमात आधी एकजीव करावी लागते, पाणी नंतर. आधी पाणी लागलं तर ती जागच्या जागी फुगून गोळा होते आणि बाजूचा मुरूम कोराच राहतो. शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं, म्हणून आमच्या माणसांनी मिक्सर न लावता फावड्यानं कालवलं. मी तिथेच उभा होतो, तरी थांबवलं नाही. चपलेला चिकटतंय ते हेच.

शिवाय वेळ चुकली. मृग तोंडावर आला असताना आम्ही काम धरलं. हा थर ओलवून दाबल्यावर त्याला कडक ऊन मिळावं लागतं, कारण वाळतानाच तो आवळतो. तुमच्या अंगणाला ते ऊन मिळालंच नाही. तुमच्या घरी कार्य होतं, घाई होती, हे खरं. पण "आता नको, दिवाळीनंतर करू" असं सांगणं आमचं काम होतं.

मात्र "फसवलं" हा शब्द फार लागला. इसबगोलाची पूड अमेरिकेत ॲरिझोना, कॅलिफोर्नियाकडे बागेतल्या वाटांसाठी अशीच वापरतात, आणि पीक आपल्या गुजरातचं, उंझ्याच्या बाजारातलं. पाण्यात तिचा चिकट लगदा होतो, तो मुरमाच्या कणाकणाला वेढतो आणि वाळला की धरून ठेवतो. टनाला साधारण 6 ते 7 किलो लागते. तुमच्या 800 चौरस फुटांच्या तीन इंच थरात आम्ही 70 किलो घातली आहे, त्यात कसर केलेली नाही. पण हा लगदा भिजला की पुन्हा थोडा सैल पडतो, वाळला की पुन्हा आवळतो. तिकडच्या कोरड्या मुलखात त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस. पावसाळ्यात वरचा पदर जरा मऊ राहणार आणि उन्हाळ्यात वर थोडी कच सुटणार, हे चांगल्या कामातही होतं. आम्ही बोलताना "सिमेंटसारखं होईल" म्हणालो. तसं म्हणायलाच नको होतं.

मुरमाचं सांगतो. नांदेडच्या आसपासचा मुरूम काळ्या दगडाचा. त्यातली माती आपल्या काळ्या रानासारखीच पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. देगलूर, बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे. तो कुजला की त्यातली गारगोटी कुजत नाही, तिचे टोकदार कण उरतात आणि दाबल्यावर एकमेकांत अडकतात. गाडीभाडं त्यासाठीच दिलं. आणि दारातल्या कडुनिंबाच्या मुळांना पाणी मिळावं म्हणून सिमेंट नको, हे तुमचंच म्हणणं होतं. ते आम्हाला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

तुमच्या सासूबाई परवा म्हणाल्या, "खळं आम्ही दरवर्षी भिजवून, चोपून, सारवून नवं करायचो." हे अंगणही त्याच जातीचं. पावसाळा संपला की एकदा पाणी मारून हातरोलर फिरवायचा. खड्डा पडला तर तेवढाच उकरून, भिजवून पुन्हा दाबता येतो.

आता दुरुस्ती. गोठ्याकडचा 250 चौरस फुटांचा भाग आम्ही पूर्ण काढून मिक्सरमध्ये नव्यानं कालवून टाकू. दहा फुटांना अडीच इंच उतार देऊ आणि दाबायला हातरोलरच वापरू. थरथरणाऱ्या यंत्रानं बारीक आणि जाड खडी वेगळी होते. वळचणीखाली पागोळ्या जिथे पडतात तिथे इसबगोल टिकणार नाही, हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. तिथे दोन फूट रुंद शहाबादी फरशी बसवू. मोरीच्या तोंडाशी विरवलेला चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून मुरूम दाबू, तो आवळल्यावर पाण्यानं सैल पडत नाही. या सगळ्याचा एक रुपयाही तुमच्याकडून घेणार नाही. पुन्हा आमच्या हातून काम नको असेल तर त्या भागाचे पैसे परत देतो, तसं फोनवर सांगा.

काम दिवाळीनंतर, ऊन धरल्यावरच. तोवर गोठ्याकडे जायला आम्ही फळ्या टाकून देतो, रविवारी सकाळी आमची माणसं येतील. त्या भागावर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेऊ नका. आणि वरून सिमेंटचं पाणी ओतायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ओतू नका, त्याची पापडी धरते आणि महिन्याभरात तडकते.