ताटात काय वाढायचं हे ठरलं, तेव्हा खोलीत कोण कोण होतं?

‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ हे आरोग्य खात्याचं वाक्य आहे असं अजूनही अनेकांना वाटतं. ते एनईसीसीचं, म्हणजे अंडी उत्पादकांच्या संघटनेचं आहे, आणि ही संघटना आपल्या पुण्यातली. व्यापारी भाव पाडायचे, कोंबड्यांच्या खाद्याचा खर्चसुद्धा निघायचा नाही, म्हणून 1982 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने पोल्ट्रीवाले एकत्र आले. भाव आपण जाहीर करायचा आणि खप वाढवायचा, असा उघड व्यवहार. मला त्यात काडीचंही गैर वाटत नाही. आपला माल चांगला आहे असं दुकानदार नाही म्हणणार तर कोण म्हणणार?

भानगड होते ती तेच वाक्य सरकारी शिक्का घेऊन आलं की.

याचा नमुना अमेरिकेत बघावा. 1977 च्या सुरुवातीला सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने आहारावरच्या अहवालात लोकांना सरळ सांगितलं, मांस कमी खा. गुरं पाळणारे खवळले. मॅकगव्हर्न स्वतः साउथ डकोटाचे, म्हणजे त्यांचे मतदारच गुरंवाले. वर्ष संपायच्या आत सुधारित आवृत्ती आली आणि त्यात वाक्य झालं: संपृक्त चरबी कमी पोटात जाईल असं मांस, कोंबडी, मासे निवडा. ‘कमी खा’चं ‘निवडून खा’ झालं! पुढे 1991 मध्ये काय किती खावं हे दाखवणारा आहाराचा पिरॅमिड छपाईच्या टप्प्यावर असताना मांस आणि दूधवाल्यांच्या ओरड्यानंतर कृषी खात्याने मागे घेतला, तो वर्षभराने बाहेर आला. 2015 मध्ये सरकारी आहार मार्गदर्शक तत्त्वांसाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पर्यावरणाचा विचार करून लाल मांस कमी करा असं सुचवलं, तर मंत्र्यांनी तो मुद्दाच आमच्या कक्षेत येत नाही म्हणून बाजूला ठेवला. त्यातले कृषिमंत्री टॉम विल्सॅक 2017 मध्ये दुग्ध निर्यात परिषदेचे प्रमुख झाले आणि 2021 मध्ये पुन्हा कृषिमंत्री. बेकायदा काही नाही. पण ज्या खात्याचं काम शेतमाल खपवणं, तेच खातं लोकांनी काय खावं हेही सांगतं. तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावरामागे एक डॉलर कायद्याने गोळा होतो, तो गोमांसाच्या प्रचाराला जातो आणि त्यावर देखरेख याच खात्याची.

कॅनडाने मात्र 2019 च्या सरकारी आहार मार्गदर्शिकेसाठी वेगळा रस्ता धरला. आधीच्या, 2007 च्या वेळी सल्लागार समितीत उद्योगाचेही लोक होते. या वेळी मसुदा लिहिणाऱ्या कार्यालयाने उद्योगाच्या प्रतिनिधींना भेटायचं नाही आणि उद्योगाने करून घेतलेले अहवाल वापरायचे नाहीत, असं ठरलं. परिणाम काय? दुधाचा वेगळा गटच गेला, दूध-दही डाळी, अंडी, मांसाबरोबर प्रथिनांच्या गटात आलं आणि तहानेला पाणी प्या असं लिहिलं गेलं.

आता आपलं बघू. ऑगस्ट 2024 आठवतोय? 21 तारखेला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की दूध, तूप, लोण्यावरचे ‘ए-वन’, ‘ए-टू’ हे दावे दिशाभूल करणारे आहेत, काढून टाका. 26 तारखेला आदेश मागे, कारण संबंधितांशी आणखी चर्चा करायची आहे. पाच दिवसांत गाईच्या प्रथिनात काही बदल झाला का? ए-वन, ए-टू हे दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे प्रकार. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी, त्यात हे प्रथिन जवळजवळ नसतंच. तरी कोथरूड-बाणेरच्या दुकानांत ए-टू तुपाचे डबे डौलात उभे आहेत.

आणि दबाव फक्त विकणाऱ्यांचाच असतो असंही नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं. शाकाहाराचा आग्रह धरणाऱ्यांचा विरोध लगेच सुरू झाला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून करा असं शाळांना सांगितलं. ज्या गावात दोन वेळची मारामार तिथे लोकसहभाग कुठून आणायचा, ते सांगितलं नाही.

लगेच कमेंट येईल, ‘दूध उत्पादक शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय.’ अहो, तो शेतकरी या खोलीत असतो कुठे? 2024 मध्ये गाईच्या दुधाला भाव नाही म्हणून सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं, एवढी त्याची ताकद. काचेच्या बाटलीतलं महागडं दूध विकणारा वेगळा आणि जुन्नर-आंबेगावला दोन गाई पाळून डेअरीवर कॅन पोचवणारा वेगळा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. 2000 कॅलरींच्या ताटात दूध किंवा दही 300 मिली. माझी त्या आकड्याबद्दल तक्रार नाही, मी रोज दही खातो. दूध न पचणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत आणि कॅल्शियमला नाचणी, तीळ आहेत, पण नाचणी-तिळासाठी कोण भांडणार? 2023 चं तृणधान्य वर्ष संपलं आणि नाचणीची पोस्टरंही उतरली. माझं मागणं एवढंच की पुढच्या आवृत्तीत दोन पानं जास्तीची छापा: मसुदा होत असताना कोण भेटायला आलं, कोणी काय पत्र दिलं, समितीतल्या कोणाला कोणाकडून पैसे मिळतात. शाळेतल्या अंड्याचा निधी थांबवतानाही हेच.

ता. क. ए-टू तुपावर भांडायला येणाऱ्यांनी आधी घरातल्या डब्यावर प्रथिनं किती लिहिली आहेत ते वाचून यावं.